काशीला सोडलेलं आंबट

"लिंबू चोखता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

आत्याबाईंनी वर पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता, तरी त्या बघतच राहिल्या.

"मी मागच्या वेळी सांगितलं होतं. लिंबाची फोड, नाहीतर आंबट गोळी. दिवसभर मधून मधून. लाळ वाहती राहिली पाहिजे. तुंबली की तिथं पू होतो. चोखता का?"

"पाणी पिते की भरपूर," आत्याबाई म्हणाल्या.

"पाणी नाही. लिंबू."

मग डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरातल्या कुठल्याही प्रश्नाचं शेवटचं स्टेशन मीच होते. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात, आणि आत्याबाईंच्या दातांपासून गुडघ्यांपर्यंत सगळ्याची उत्तरं मलाच द्यावी लागायची.

"त्यांनी आंबट सोडलंय," मी म्हटलं. "काशीला."

डॉक्टर कुलगुडे मिरजेच्याच. त्यांना काशीचं काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि डोळे चोळले. बाहेर बाकावर पेशंटांची रांग लागली होती आणि बाई सकाळपासून उभ्याच असाव्यात, असा त्यांचा चेहरा होता.

"सगळं आंबट?"

"सगळं."

"लोक कारलं सोडतात हो," त्या म्हणाल्या. "दोडका सोडतात."

आता हे मी त्यांना काय सांगणार होते! काशीला गेलं की गंगेच्या काठी उभं राहून आवडीची एखादी वस्तू जन्मभरासाठी सोडायची, ही आपली रीत. आवडीची म्हणतात, पण माणसं शहाणी असतात. माझे सासरे त्याच यात्रेला होते. त्यांनी कारलं सोडलं, जे त्यांनी आयुष्यात कधी तोंडाला लावलं नव्हतं. आमच्या शेजारच्या गोदाक्कांनी फणस सोडला. तासगावात फणस दिसतोच कितीसा! आणि आत्याबाई, ज्यांना जेवताना ताटात लोणच्याची फोड नसली तर घास उतरायचा नाही, त्यांनी सरसकट आंबट सोडून दिलं. लिंबू, लोणचं, आमसूल, ताक. टोमॅटो. तासगावात राहून द्राक्षंसुद्धा सोडली, न जाणो एखादं आंबट निघालं तर. का, असं मामंजींनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "देवाला द्यायचं तर बरं असंल ते द्यावं." मामंजींचं कारलं उघडं पडलं.

याचा भुर्दंड कुणाला? मला. आमच्या ह्यांना आंबट घातल्याशिवाय आमटी चालत नाही आणि आत्याबाईंना आंबट चालत नाही. तेव्हापासून मी रोज दोन आमट्या करत आले. दोन पातेली, दोन फोडण्या, दोन पळ्या. पळी चुकून इकडची तिकडे गेली की आत्याबाई वासावरून ओळखायच्या आणि काही न बोलता ताट बाजूला सरकवायच्या. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

घरात आम्ही तिघंच. मामंजी गेले त्याला बरीच वर्षं झाली होती. आत्याबाईंच्या मुकुंदाचं, म्हणजे ह्यांचं, शिवणकामाचं दुकान होतं. आम्हाला मूल झालं नाही. त्यावरून आत्याबाईंनी मला कधी एका शब्दानं टोचलं नाही, आणि एवढ्या एका गोष्टीपायी मी त्यांच्या दुसऱ्या पातेल्यासकट सगळं सोसलं, असं म्हटलं तरी चालेल.

गाठीचं दुखणं नंतर लागलं. डावीकडे, जबड्याच्या हाडाखाली. एरवी सुपारीएवढी लागायची, आणि त्या जेवायला बसल्या की पहिल्या घासालाच टरारून फुगायची. तोंडात लाळ सुटायला लागायची, पण तिला बाहेर यायला वाट नसायची, असं डॉक्टरबाईंनी नंतर समजावलं. आत्याबाई घास तोंडात तसाच धरून, डोळे मिटून बसायच्या. कळ ओसरली की चावायच्या. मग दर थोड्या महिन्यांनी ताप, सूज, तोंडात पुवाची घाण चव, इंजेक्शनं, मिरजेची एसटी. मी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायची. डॉक्टरबाईंनी शिकवल्याप्रमाणे दोन बोटांनी गाठ मागून पुढं चोळून द्यायची. सगळं करायची. फक्त ज्यानं खरा गुण यायचा ते लिंबू तेवढं राहायचं.

एकदा मी औषधाच्या पाण्यात अर्धं लिंबू पिळलं होतं. भरपूर साखर घालून. आत्याबाईंनी पेला नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि तो मोरीत ओतला. रागावल्या नाहीत. "शालन, असं करू नगंस," एवढंच म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता, की पुन्हा करायचा धीर मला झाला नाही.

तर त्या दिवशी डॉक्टरबाईंनी फोटो दिव्याजवळ धरून बघितला. "खडा वगैरे नाही," त्या म्हणाल्या. "पण नळी आकसलीय आणि ग्रंथी पार दगड झालीय. आता औषधांनी काही होणार नाही. काढावी लागेल."

"कापा," आत्याबाई म्हणाल्या.

इतक्या चटकन, की डॉक्टरबाईसुद्धा दचकल्या.

"ऐकून तरी घ्या, आजी. जबड्याखाली इथं चीर द्यायची. तिथूनच खालच्या ओठाची शीर जाते. आम्ही ती जपतो, पण तिला धक्का बसला तर ओठाचा कोपरा काही महिने लोंबतो. क्वचित कायमचा. आत जिभेचीही शीर आहे."

"कापा की. माझ्या ओठाकडं कोण बघतंय आता?"

लिंबाची फोड चोखण्यापेक्षा गळ्याखाली सुरी चालवून घेणं सोपं वाटणारी बाई मी तरी दुसरी बघितली नाही. परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. खिडकीशी बसून त्या गाठीवर पदर धरून झोपी गेल्या.

ह्यांना सांगितलं तर ह्यांचं नेहमीचं उत्तर. "तुम्ही दोघी बघा काय ते." लग्नसराई होती. मशीनवरून मानही वर झाली नाही. मी म्हटलं, "तुमची आई आहे. तुम्ही सांगून बघा, व्रत सोड म्हणून." तर म्हणाले, "तिनं माझं कधी ऐकलंय का? तुझं तरी ऐकते." यात तथ्य नव्हतं असं नाही, पण ते ऐकून दमायला मात्र झालं.

ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन मला ती ग्रंथी दाखवली. स्टीलच्या वाटीत, जळकट रंगाची, आक्रसलेली. एवढ्याशा गोष्टीनं आमच्या घरातलं जेवण नासवलं होतं. मी बघितली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. हे दुकानात होते. संध्याकाळी येतो म्हणाले होते.

आत्याबाई शुद्धीवर आल्या तेव्हा गळ्याला पट्टी होती, पट्टीखालून एक बारीक नळी बाटलीत गेली होती आणि खालच्या ओठाचा डावा कोपरा उतरला होता. पाणी पाजलं की त्या कोपऱ्यातून ओघळायचं. मी पुसायची. त्या काही बोलायला गेल्या की शब्द एका बाजूला कलंडायचे. डॉक्टरबाई म्हणाल्या, शीर शाबूत आहे, नुसती दुखावलीय, येईल जागेवर हळूहळू. आत्याबाईंनी आरसा मागितला. बघितला. "मुकुंदाचा बाप असाच हसायचा, एका बाजूनं," म्हणाल्या आणि परत दिला.

मला वाटलं, संपलं. आता निदान एक कटकट गेली. टाके काढायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी जखम बघितली, खूश झाल्या, आणि मग सहज म्हणून हात उजव्या बाजूला नेला. हात तिथंच थांबला.

"इथं दुखतं?"

आत्याबाई पुन्हा पंख्याकडे बघायला लागल्या. या वेळी पंखा चालू होता.

"जेवताना फुगतं का हेही? कधीपासून?"

"थोडंसं."

मला हे ठाऊक नव्हतं. रोज त्यांच्या पुढ्यात ताट ठेवणारी मी, आणि मला ठाऊक नव्हतं. त्या उजवीकडची कळ डावीकडच्या कळेच्या आड लपवून जेवत होत्या.

डॉक्टरबाई स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या. आवाज चढलेला नव्हता, पण दमलेल्या माणसाचा आवाज चढत नाही तेव्हाच जपावं. "आजी, ऐका. ही बाजू अजून मऊ आहे. ही वाचते. रोज आंबट चोखायचं, लाळ सोडायची, गाठ चोळायची. नाही केलंत, तर वर्षा-दोन वर्षांत हीसुद्धा काढावी लागेल. मग तोंड कोरडं पडेल. घास गिळताना पाणी लागेल, दात जातील, आणि ओठाच्या या कोपऱ्यालाही तोच धोका. मला दुसऱ्यांदा तुम्हाला कापायचं नाहीये. देव काही म्हणत नाही हो आजाऱ्याला."

"देवाचं काय न्हाई त्यात," आत्याबाई म्हणाल्या.

"मग कुणाचं आहे?"

आत्याबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिला भाईर पाठवा."

मी बाहेर आले. दुसऱ्याच्या घरात आपल्यावरून बोलणं चाललंय आणि आपण दारात चपला शोधतोय, तसं वाटलं. समोर बाकावर एक म्हातारा गालावर रुमाल धरून बसला होता. त्याची लेक त्याला केळं सोलून देत होती. इतकी वर्षं हिंडवलं, पुसलं, शेकलं, चोळलं, आणि आता मला बाहेर पाठवा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं, चिडीचं होतं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. दार ओढून घेतलं.

"मी दुसऱ्या खोलीतला पेशंट बघते," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत जा. सासूबाईंचं हे आंबटाचं व्रत तुमच्याशिवाय कुणी सोडवू शकणार नाही."

"मी? मी किती वेळा सांगितलं..."

"सांगू नका. विचारा. का सोडलं ते विचारा." आणि जाता जाता माझ्या दंडावर हात ठेवून गेल्या.

आत आत्याबाई पदराच्या टोकानं ओठाचा कोपरा टिपत बसल्या होत्या.

"का सोडलं?" मी विचारलं. उभ्या उभ्याच.

"बस तरी."

"नाही बसत. का सोडलं आंबट?"

त्या पदराच्या टोकाला पीळ घालत राहिल्या. लोंबत्या ओठानं शब्द तिरपे येत होते, पण एकूण एक कळत होते.

"तुझ्या लग्नाला बरीच वर्सं झाली होती. गोदाक्का म्हणली, काशीला जातीस तर मागून ये सुनंसाठी. मी गंगंत उभी ऱ्हायले. म्हणलं, नुसतं मागायचं कसं? कायतरी द्याया नगं? म्हणलं, शालनला डोहाळं लागत्याल, ती आंबट मागंल, त्या दिवशी तिच्या ताटाला बसून खाईन. तवर तोंडाला लावायची न्हाई."

मी बसले.

"काशीला सोडतात ते कायमचं असतं," त्या म्हणाल्या. "मी तेवढी सूट मागून घेतली."

आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या जवळपास आलेय, आणि लोकांना वाटतं, त्या क्षणी मला भरून आलं असेल. नाही. मला आधी राग आला. असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

"मी दोन आमट्या करत होते!" मी म्हणाले. "इतकी वर्षं! रोज! माझ्यासाठी सोडलं आणि मलाच दोन पातेली घासायला लावली?"

"मी कुठं म्हणलं दोन कर म्हणून? मी बिनआमटीची जेवले असते."

"एका शब्दानं सांगायचं तरी!"

"काय सांगू? तुझं पोट पिकावं म्हणून उपाशी हाय, असं सांगू? रोज ताटावर बसल्यावर तुला तेच आठवलं असतं. सासू मागं लागली म्हणून चार बायकात बोलली असतीस. तुला टोचाय नगं म्हणून तर गप ऱ्हायले."

मी हिंदोळत राहिले. एकीकडून वाटत होतं, हिच्या पायावर डोकं ठेवावं. दुसरीकडून वाटत होतं, हिला गदागदा हलवावं. मी काहीच केलं नाही. त्यांच्या हनुवटीवर लाळ ओघळली होती, ती पुसली.

"आत्याबाई, माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली."

"ठावं हाय मला. एका घरात ऱ्हातो."

"मग आता कशाची वाट बघताय?"

"देवाच्या घरी उशीर होतो कवाकवा."

"आत्याबाई."

"तसं न्हाई गं." आता त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मलाबी कळतंय. मी येडी न्हाई. पण मी लिंबू तोंडात घातलं, म्हंजी मीच म्हणल्यागत झालं की न्हाई, की हिचं आता काय न्हाई म्हणून? सगळ्यांनी म्हणलं. डॉक्टरांनी म्हणलं, तुझ्या माहेरच्यांनी म्हणलं, मुकुंदानंबी म्हणलं असंल मनात. मी न्हाई म्हणलं. सासूनं कसं म्हणायचं तसं? कुणीतरी एकानं तरी तसं म्हणाय नगं."

त्यासाठी त्यांनी एक ग्रंथी दिली होती आणि दुसरी द्यायला निघाल्या होत्या. सुरीखाली गळा द्यायला तयार, पण माझं संपलं असं म्हणायला तयार नाहीत. मी तोंडात पदर कोंबला आणि रडले. मोठ्यानं रडले. म्हाताऱ्याच्या लेकीनं दार किलकिलं करून बघितलं आणि लावून घेतलं.

रडून झाल्यावर मी म्हणाले, "मी सोडलंय ते. केव्हाच सोडलंय. मला आता काही मागायचं नाही देवाकडे. तुम्ही माझ्यासाठी धरून बसलात, ते मी तुम्हाला सोडायला सांगते. मी सांगते, म्हणजे तुमच्याकडं दोष नाही."

"तू म्हणतीस म्हणून?"

"मी म्हणते म्हणून."

"मनापासनं?"

"मनापासून."

त्यांनी पदराच्या टोकाचा पीळ सोडवला. मग म्हणाल्या, "आण."

मी दवाखान्यासमोरच्या रसाच्या गाड्यावरून लिंबू आणलं. रसवाल्यानं चिरून दिलं. आत्याबाईंनी फोड हातात घेतली, कपाळाला लावली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटल्या आणि चोखली.

लाळ सुटली ती मला दिसली. डोळे घट्ट मिटले, पलंगाची कड हातानं धरली, आणि उजव्या जबड्याखाली ती गाठ टरारून वर आली. मी दोन बोटं लावून मागून पुढं चोळायला लागले. त्या कण्हत होत्या. "चोळ," म्हणत होत्या, "थांबू नगंस." एकदम गाठ बोटाखाली बसली, मऊ झाली. त्यांनी तस्तात थुंकलं, गढूळ, आणि नंतर स्वच्छ. पुन्हा चोखलं. डाव्या कोपऱ्यातून रस गळत होता, उजवीकडे ओठ आंबटानं मुडपत होता, आणि त्या चोखत होत्या. इतक्या वर्षांची बाई आंबटाला मुकलेली. फोड साल राहीपर्यंत चोखली.

"दुखतंय का?"

"दुखतंय. बरं वाटतंय."

मी उशी नीट करून त्यांना टेकवून बसवलं. हात धुतले. दोघी दमलो होतो. डॉक्टरबाईंची वाट बघत बसलो. बाहेर कुणाकुणाची नावं पुकारली जात होती.

"शालन."

"काय?"

"एक इचारू?"

"विचारा."

"लागले असते डोहाळं, तर काय मागितलं असतंस?"

मला आठवावं लागलं नाही, विचार करावा लागला नाही. तोंडातून आपोआप आलं.

"चिंच," मी म्हणाले. "गाभुळलेली. गुळाचा खडा लावून."

आत्याबाईंनी माझा हात हातात घेतला. मघाशी मी मनापासून म्हणाले होते, त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

"मी कैरी धरून बसले होते," त्या म्हणाल्या.